मुंबईची आधुनिक चित्रकला आणि तिचे चित्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या चित्राला लिलावात कोट्यवधी रुपये मिळाल्याची बातमी आली की काही दिवस आधुनिक चित्रकलेविषयी पुष्कळ विचारणा होते आणि मग पुन्हा शांतता पसरते. अशा वेळी ज्या शंका हमखास पुढे येतात, त्यांतील महत्त्वाच्या येथे एकत्र केल्या आहेत. भारतीय आधुनिक चित्रकला कोलकाता, शांतिनिकेतन, बडोदा, चेन्नई, दिल्ली अशा अनेक ठिकाणी घडली. येथे मात्र भर मुंबईवर आहे, कारण ज्या चित्रकारांची नावे आज जगभर घेतली जातात त्यांतील अनेकजण याच शहरातील चाळींत, छापखान्यांत आणि इराण्याच्या हॉटेलांत वाढले, आणि मराठी वाचकाला त्यांची ओळख अजून हवी तितकी झालेली नाही.

भारतीय चित्रकलेत ‘आधुनिक’ म्हणजे नेमके काय?

आधुनिक म्हणजे अलीकडचे, किंवा आधुनिक म्हणजे वेडेवाकडे काढलेले, हे दोन्ही समज बाजूला ठेवावेत. दरबार, देवस्थान किंवा सरकारी शाळा सांगेल ते न काढता काय रंगवायचे आणि कसे रंगवायचे हे चित्रकाराने स्वतः ठरवणे, आणि त्या निर्णयाची जबाबदारीही स्वतः घेणे, येथून आधुनिकता सुरू होते. या अर्थाने तिची सुरुवात एकाच दिवशी झाली नाही. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली ‘भारतमाता’ रंगवली, तेव्हा युरोपीय तैलचित्रणाला पर्याय शोधण्याची धडपड त्यामागे होती. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली एक पिढी तयार झाली. रवींद्रनाथ स्वतः साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले, आणि त्यांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले. जामिनी रॉय यांनी शाळेत शिकलेली शैली सोडून बंगालच्या पटचित्रांचा, म्हणजे तेथील लोकचित्रांचा, हात धरला. मुंबईत हीच उलथापालथ थोडी उशिरा, १९४०च्या दशकात झाली, पण झाली ती एकदम आणि जोरात.

मग राजा रविवर्मा आधुनिक चित्रकारांत धरावेत की नाही?

यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि ते राहणार. रविवर्म्यांची (१८४८–१९०६) शैली युरोपीय वास्तववादी होती, आश्रयदाते संस्थानिक होते आणि विषय पुराणांतले होते. एवढ्यावर त्यांना जुन्या पिढीत ढकलता येते. परंतु १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. राजवाड्यात टांगले जाणारे चित्र या छापखान्यामुळे चार भिंतींच्या साध्या घरात पोचले. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी कमळावर ज्या ठेवणीत उभी असते, ती ठेवण बहुतेक घरांत या छापखान्यातून आली. चित्र आणि सामान्य माणूस यांचे नातेच त्यामुळे बदलले. माझ्या मते ते आधुनिक चित्रकार नव्हते, पण आधुनिक प्रेक्षक त्यांनी घडवला.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा या सगळ्यात वाटा किती?

मोठा, आणि दोन परस्परविरोधी अर्थांनी मोठा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली ही संस्था सुरू झाली. पुतळ्यावरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसावरून रेखाटन, मग रंग, असा तिचा शिस्तीचा क्रम होता. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) कोल्हापुराहून येथे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे संचालकाच्या खुर्चीपर्यंत पोचले. शरीररचना, छायाप्रकाश आणि रंगांवरची पकड ही या शिस्तीची देणगी होती. तिच्याविरुद्ध बंड करणाऱ्यांनीही ती आधी पचवली होती, हे विसरू नये. ज्याला हात जसाच्या तसा काढता येतो तोच तो जाणूनबुजून मोडू शकतो. पुढे चार्ल्स जेरार्ड यांच्या कारकिर्दीत युरोपातील नव्या चित्रकलेचा वारा वर्गांत शिरला, जगन्नाथ अहिवासी भारतीय पद्धतीच्या चित्रणाचा वर्ग घेत असत, आणि शंकर पळशीकरांसारख्या शिक्षकाने नंतरच्या कित्येक विद्यार्थ्यांना रंगाकडे पाहण्याची नजर दिली.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप कसा स्थापन झाला आणि त्यात कोण होते?

१९४७ साली सहा तरुण एकत्र आले. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे ही त्यांची नावे. ही सहा नावे सलग वाचली तर लक्षात येते की जात, धर्म, भाषा आणि ऐपत यांतील एकही गोष्ट या सहाजणांत समान नव्हती.

सूझा गोव्यातील साळगावचे. ते तान्हे असतानाच वडील वारले आणि आईने शिवणकाम करून त्यांना मुंबईत वाढवले. लहानपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईच्या नवसामुळे ‘फ्रान्सिस’ हे नाव त्यांना मिळाले. १९४५ मध्ये स्वातंत्र्य चळवळीशी असलेल्या संबंधामुळे त्यांना जे. जे.मधून काढून टाकण्यात आले. रझा मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातले, जंगलखात्यातील अधिकाऱ्याचे चिरंजीव. त्यांनी आधी नागपुरात आणि मग मुंबईत शिक्षण घेतले. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. ते इंदूरमार्गे मुंबईत आले आणि सिनेमाची भव्य फलके रंगवू लागले. आरा हे हैदराबादजवळच्या बोलारमचे. लहान वयात घर सोडून ते मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, मूळचे विज्ञानाचे पदवीधर आणि शिक्षक. बाकरे या सहांतले एकमेव शिल्पकार.

सूझा यांचा पिंड पुढाऱ्याचा होता आणि लिहिण्याबोलण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. ग्रुपची भूमिका मुख्यतः त्यांनीच शब्दांत मांडली. विषय आणि तंत्र यांत चित्रकाराला पूर्ण मोकळीक असावी, अवनींद्रनाथांच्या परंपरेतील बंगाली पुनरुज्जीवनाचा हळवेपणा नको आणि शाळेतला कोरडा वास्तववादही नको, असा तिचा आशय होता. ७ जुलै १९४९ रोजी रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि लेखक मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. या ग्रुपने एखादी ठरावीक शैली दिली असे मानून त्यांची चित्रे पाहिली तर निराशाच पदरी पडेल. सूझांची जाड काळी रेषा आणि त्याच काळातली रझांची जलरंगातील निसर्गचित्रे शेजारी ठेवली, तर ती एका शहरातली आहेत यावरही विश्वास बसणार नाही. त्यांना एकत्र बांधून ठेवले ते परस्परांच्या कामाविषयी निर्भीडपणे बोलण्याच्या सवयीने.

त्या काळी चित्रे विकत घेत होते तरी कोण? या मंडळींचे पोट कसे चालत असे?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कलेच्या इतिहासात तो सहसा तळटिपेत टाकला जातो.

प्रत्येकाने पोटासाठी काही ना काही केले. हुसेन फलके रंगवत आणि पुढे लाकडी सामानाच्या दुकानासाठी मुलांची खेळणी व फर्निचर यांची संकल्पने करत. ग्रँट रोड भागातील बदरबागेत त्यांचा संसार होता. रझा फोर्टातल्या एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत काम करत. छपाईचे ठसे तयार करणारी ही जागा त्यांना पगाराबरोबर चित्रे काढायला कोपराही देई. तय्यब मेहता आधी चित्रपटांच्या संकलनाच्या कामात होते. थोड्या पुढच्या पिढीतील प्रभाकर बरवे यांनी १९६१ पासून दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागाच्या कापडांसाठी नक्षी तयार करण्याच्या या सरकारी केंद्राने कित्येक चित्रकारांना दरमहाचा पगार आणि तितकीच मोलाची निश्चिंती दिली. संध्याकाळी आणि रविवारी चित्रे काढायची, हा त्यांचा क्रम होता. ज्यांना आपण पूर्णवेळ कलावंत समजतो त्यांनी आपली उत्तम कामे पुष्कळदा नोकरीतून उरलेल्या वेळात केली आहेत.

ग्राहकांत सुरुवातीला तीन परदेशी माणसांचे नाव घ्यावेच लागते. नाझींच्या छायेतून निसटून मुंबईत आलेले ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर एका मोठ्या इंग्रजी वृत्तपत्राचे कलासंचालक होते, रुडॉल्फ फॉन लायडन कलासमीक्षा लिहीत, आणि एमान्युएल श्लेसिंगर औषधांच्या व्यवसायात होते आणि चित्रे जमवत. लँगहॅमर यांच्या घरी रविवारी चित्रकार जमत, युरोपातील चित्रांच्या प्रतिकृती पाहत आणि वाद घालत. आरांच्या चित्रांतली ताकद सर्वप्रथम ओळखून त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते लायडन. त्याच सुमारास केकू गांधी यांनी चौकटी तयार करण्याचा उद्योग सुरू केला होता. आपल्या दुकानात ते या तरुणांची चित्रे लावत आणि त्यातूनच १९६३ मध्ये खुर्शीद गांधींच्या साथीने ‘केमोल्ड’ हे कलादालन उभे राहिले. डॉ. होमी भाभा स्वतः उत्तम रेखाटने करत. त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी या चित्रकारांची चित्रे इतकी सातत्याने घेतली की आज कुलाब्याच्या त्या विज्ञानसंस्थेत भारतीय आधुनिक कलेचा एक अव्वल संग्रह आहे. हुसेन यांचे ‘भारत भाग्यविधाता’ हे भव्य भित्तिचित्र तेथेच आहे.

जागेचा प्रश्नही पैशाइतकाच बिकट होता. १९५२ मध्ये काळा घोडा येथे जहांगीर आर्ट गॅलरी उघडली तेव्हा प्रदर्शनाला हक्काची भिंत मिळाली. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत तर काही वर्षे गायतोंडे, हुसेन, तय्यब आणि नसरीन मोहमदी चित्रे काढत असताना त्याच आवारात पंडित रविशंकर सतार शिकवत आणि नाट्यदिग्दर्शक अल्काझी नाटकाच्या तालमी घेत. ती वास्तू आता उरलेली नाही, आणि तिची उणीव मुंबईने अजून भरून काढलेली नाही असे मला मनापासून वाटते.

हा ग्रुप लवकर का विखुरला?

भांडण झाले म्हणून नव्हे. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले, रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला आणि पाठोपाठ बाकरे लंडनला. मागे राहिलेल्यांना गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत येऊन मिळाले आणि १९५६च्या सुमारास ग्रुप औपचारिकरीत्या संपला. मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली, आणि ती पत्रांमधून टिकली, हे विशेष.

या इतिहासात स्त्रिया कुठे आहेत?

आहेत. त्यांच्याकडे पाहिले गेले नाही, इतकेच. सुरुवात अमृता शेरगिलपासून करावी. १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्मलेली, पॅरिसमध्ये शिकलेली आणि १९४१ साली लाहोरला अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेली ही चित्रकर्ती मुंबईशी आणि महाराष्ट्राशी दोन धाग्यांनी जोडलेली आहे. तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. आणि अजिंठ्याची लेणी पाहिल्यावर तिच्या रंगात जो ठसठशीतपणा आणि आकृतींत जो संथपणा आला, तो तिच्या दक्षिण भारतावरील तीन चित्रांत स्पष्ट दिसतो.

प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या १९५३ मधील प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये यांची चित्रे होती. त्यांनी पुढे चित्रकला सोडून चित्रपटांची वेशभूषा हा व्यवसाय पत्करला. ‘गांधी’ चित्रपटासाठी भारताला पहिले ऑस्कर मिळवून देणाऱ्या भानू अथय्या त्या याच. त्यांची त्या काळातली चित्रे पाहिली की ही वाट अर्धवट सुटल्याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. धुरंधरांच्या कन्या अंबिका जे. जे.च्या अगदी सुरुवातीच्या पदविकाधारक स्त्रियांपैकी एक होत्या.

नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. कराचीत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि बडोद्याला शिकवणाऱ्या नसरीनने शाई, पेन्सिल आणि आरेखनाची उपकरणे एवढ्यावर काम केले. कागदावर समांतर रेषा, त्यांतील अंतर किंचित वाढलेले किंवा घटलेले, आणि त्यातून निर्माण होणारी उंचसखल लय. मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचे शरीर हळूहळू साथ सोडत असतानाही कागदावरची रेषा ढळली नाही. अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राच्या सान्निध्यात त्यांचे निधन झाले. भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर उमटणाऱ्या रेघा ज्यांनी निरखून पाहिल्या आहेत, त्यांना नसरीनची चित्रे ‘कळत नाहीत’ असे म्हणता येणार नाही.

गायतोंडे यांच्या चित्रात काहीच ओळखू येत नाही. मग पाहायचे तरी काय?

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे आणि बालपण गिरगावातल्या चाळीतले. १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका घेतल्यानंतर काही वर्षे ते मानवाकृती रंगवत होते. युरोपीय चित्रकार पॉल क्ले यांच्या चित्रांच्या प्रभावाखाली आकृती हळूहळू विरघळत गेली. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७२ पासून दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये एका छोट्या जागेत जवळजवळ एकांतात राहिले. झेन विचार, रमण महर्षी आणि खेतवाडीतील निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. त्यांना स्वतःला ‘अमूर्त’ हा शब्द पसंत नव्हता. वस्तूचा आधार न घेणारे चित्र, असे ते म्हणत.

त्यांची पद्धत समजली की पाहणे सोपे होते. कॅनव्हासवर ते रोलरने आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे पातळ थर देत. एक थर वाळू द्यायचा, त्यावर दुसरा चढवायचा, कधी कागदाचे फाडलेले तुकडे रंगात दाबून उचलायचे, कधी वरचा थर खरवडून खालचा प्रकाश मोकळा करायचा. यात घाईला जागाच नव्हती. वर्षाकाठी पाचसहा चित्रे होत आणि बाकीचा वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर बसण्यात जाई. म्हणून त्यांच्या चित्रात डोंगर, समुद्र किंवा अक्षरे शोधू नयेत. चित्रापासून चार पावले मागे उभे राहावे आणि निदान पाच मिनिटे हलू नये. सुरुवातीला एकच सपाट पिवळा किंवा करडा रंग दिसतो, मग त्यामागचा दुसरा रंग वर येऊ लागतो, कडेचे आकार तरंगू लागतात आणि प्रकाश चित्रावर पडलेला नसून आतून झिरपतो आहे असे जाणवते. हा अनुभव छापील पानावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर अजिबात येत नाही, कारण थरांची जाडीच तेथे नाहीशी होते. मैफलीत बसून ख्याल ऐकताना आपण रागाचा ‘अर्थ’ विचारत नाही, स्वर कसा लावला ते ऐकतो. गायतोंड्यांसमोर तेवढीच तयारी पुरते.

१९८४ मधील अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना बराच काळ शक्य झाले नाही, तेव्हा ते कागदावर लहान रेखाटने करत राहिले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरले ते २०१४ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात तेरा वर्षांनी.

रझा यांच्या चित्रात तोच तो काळा ठिपका का असतो?

लहानपणी चंचल असलेल्या रझांचे मन एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते, ही हकीकत ते स्वतः सांगत. पण ठिपक्यापर्यंत पोचायला त्यांना जवळजवळ तीस वर्षे लागली. काश्मीरमध्ये १९४८ साली छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना चित्राच्या बांधणीकडे लक्ष देण्याचा आणि फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. पॅरिसमध्ये त्यांनी घरे आणि गावे रंगवली, १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळवला, आणि मगच, पुरेशी कीर्ती मिळाल्यानंतर, आपल्या चित्रात आपला देश कुठे आहे या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले. बिंदू हे त्यांनी स्वतःला दिलेले उत्तर. त्याची पुढे पुनरावृत्ती झाली हा आक्षेप मला काही अंशी मान्य आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली, राजस्थान-सौराष्ट्राच्या रंगांनी पेटलेली चित्रे मला नंतरच्या नेटक्या वर्तुळांपेक्षा श्रेष्ठ वाटतात. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली तरी ते गेले नाहीत. साठ वर्षे फ्रान्समध्ये राहून अखेरीस भारतात परतले आणि २०१६ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांशेजारी त्यांचे दफन झाले.

तय्यब मेहतांच्या चित्रांतली माणसे कोसळत का असतात?

१९४७च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी घराच्या खिडकीतून पाहिले. ते दृश्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. पाय बांधलेला बैल आणि तोल जाऊन खाली येणारा माणूस या दोन प्रतिमा त्यांनी आयुष्यभर रंगवल्या. वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये त्यांच्या ‘कूडल’ या लघुपटातही आहेत. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांनी जाड थर सोडून सपाट, शांत रंग घेतले आणि चित्राला एका तिरप्या रेषेने दुभंगले. रंग शांत झाल्याने यातना अधिक स्पष्ट झाली. मनासारखे न उतरलेले चित्र ते नष्ट करत, त्यामुळे त्यांची चित्रे थोडी आहेत.

नग्नचित्रांवरून खटले झाले, ते काय प्रकरण होते?

१९५४ मध्ये जहांगीर गॅलरीतील प्रदर्शनात अकबर पदमसी यांची प्रेमी युगुलाची दोन चित्रे होती. पोलिसांनी ती उतरवायला सांगितले. पदमसींनी नकार दिला, खटला उभा राहिला आणि ते निर्दोष सुटले. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या तरुणाने तेव्हा ती चित्रे मुकाट्याने उतरवली असती, तर पुढच्या प्रत्येक चित्रकाराची वाट अधिक कठीण झाली असती.

हुसेन यांचे प्रकरण याहून दुःखद आहे. १९७०च्या दशकातील देवतांची रेखाटने १९९६ मध्ये एका मासिकातील लेखानंतर वादात सापडली, देशभर तक्रारी दाखल झाल्या आणि प्रदर्शनांवर हल्ले झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी त्यांच्यावरील कारवाई रद्द केली, परंतु तोवर ते देशाबाहेर गेले होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या रेखाटनांनी कोणाच्या श्रद्धेला धक्का बसला असेल तर ती भावना खोटी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण पंढरपुरात जन्मलेल्या, मुंबईच्या रस्त्यांवर अनवाणी फिरणाऱ्या नव्वदीच्या चित्रकाराला परक्या भूमीत विसावावे लागले, याचे शल्य मला कायम आहे.

चित्रांच्या किमती एवढ्या का वाढल्या, आणि त्यातून चित्रकाराला काय मिळते?

काही आकडे पाहू. तय्यब मेहतांच्या ‘महिषासुर’ने २००५ मध्ये दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. रझांचे ‘सौराष्ट्र’ २०१० मध्ये सुमारे १६.४ कोटी रुपयांना गेले. गायतोंडे यांच्या १९७९ मधील चित्राला २०१३ साली मुंबईतच २३.७ कोटी मिळाले. अमृता शेरगिलच्या ‘द स्टोरी टेलर’ला २०२३ मध्ये ६१.८ कोटी, तर हुसेन यांच्या १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ला मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी. ‘ग्रामयात्रा’ सुमारे चौदा फूट लांबीची आहे. तिच्यात गावजीवनाचे तेरा प्रसंग आहेत आणि ती कित्येक दशके ओस्लोतील एका रुग्णालयाच्या मालकीची होती.

गायतोंडे, तय्यब यांनी मुळातच थोडी चित्रे काढली, चांगली चित्रे संग्रहालयांत गेली, आणि घेणारे श्रीमंत वाढले, ही वाढीची सरळ कारणे आहेत. मात्र हे पैसे विकणाऱ्या मालकाला मिळतात, चित्रकाराला नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५३अ नुसार मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. हा हक्क व्यवहारात फारसा बजावला जात नाही, आणि चित्रकारांच्या कुटुंबांना तो ठाऊकही नसतो. तो ठाऊक असावा. तसेच, चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळत नाही. तो चित्रकाराकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो.

काही चित्रे देशाबाहेर नेताच येत नाहीत, हे खरे का?

होय. १९७२च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्याखाली नऊ दिवंगत चित्रकारांची कामे राष्ट्रीय कलानिधी ठरवली आहेत. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ टागोर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक हे ते नऊ. त्यांची चित्रे देशात विकता येतात, निर्यात करता येत नाहीत.

आपल्या कामाविषयी मराठीत लिहिलेला कोणी चित्रकार आहे का?

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे नाव आधी घ्यावे. अलिबागजवळच्या नागावचे बरवे घड्याळ, पान, नासपती, चावी अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात ठेवत, आणि त्या वस्तूंमधल्या रिकाम्या जागेलाच चित्राचा विषय करत. ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्यांनी वस्तू, आकार आणि अवकाश यांवर जे चिंतन केले आहे, ते मुळात मराठीत झालेले आहे, ही आपल्या भाषेची मिळकत आहे.

ही चित्रे प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळतील?

मुंबईत काळा घोडा परिसरातच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेत. दुसऱ्यात संग्राहक जहांगीर निकल्सन यांचा संग्रह क्रमाक्रमाने मांडला जातो. जाण्यापूर्वी चालू प्रदर्शनाची चौकशी करावी, कारण सर्व चित्रे एकाच वेळी भिंतीवर नसतात. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय रविवर्मा आणि धुरंधर यांच्यासाठी आवर्जून पाहावे. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी एका लहान संस्थानात १९३८ साली उभारलेली ही वास्तू पाहून मन भरून येते. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्या कामासाठी कोल्हापूरचे टाउन हॉल संग्रहालय, आणि शांतिनिकेतनात शिकून पुण्याच्या आश्रमात राहिलेल्या आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांसाठी गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर पाहावे. शेरगिलचा मुख्य संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, जयपूर हाउसमध्ये आहे.

आरा, गाडे आणि बाकरे यांचे पुढे काय झाले?

सहांपैकी तिघे जगप्रसिद्ध झाले, त्यामुळे उरलेल्या तिघांविषयी क्वचितच विचारणा होते. गाडे यांनी ओंकारेश्वरासारख्या ठिकाणांच्या घरांचे, घाटांचे चौकोन-त्रिकोणांत रूपांतर केले. विज्ञानाच्या शिक्षकाला भूमिती जशी दिसते तशी ती चित्रे दिसतात, पण रंग वऱ्हाडातल्या उन्हाचे आहेत. ते २००१ साली गेले. बाकरे लंडनहून १९७५ मध्ये परतले ते थेट रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडला, आणि २००७ पर्यंत तेथेच, समुद्राजवळ, कलाजगतापासून दूर राहिले. आरा मुंबईतच राहिले. मुख्यतः स्वतःच शिकलेल्या या माणसाने फुलदाण्या, फळे आणि पाठमोऱ्या स्त्रिया अशा काही भरघोस रंगवल्या की बाजारातून आणलेला झेंडू-गुलछडीचा जुडगा नुकताच पाण्यात ठेवला आहे असे वाटावे. आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात ते गुंतलेले असत आणि नव्या मुलांच्या पहिल्या प्रदर्शनासाठी धावपळ करत. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची स्थिरचित्रे आजही लिलावात इतरांच्या मानाने कमी किमतीला जातात, आणि भिंतीवर लावली की खोलीभर उजेड करतात.